निळी प्रत आली का?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बडोद्याच्या नळाला पाणी येतं ते काही आजव्याच्या सयाजी सरोवरातून आणि पुष्कळसं महीतून. फाजलपूर, रायका, दोडका इथल्या, नदीपात्रातल्या वाळूखालचं पाणी ओढणाऱ्या फ्रेंच विहिरी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. नंदेसरीची औद्योगिक वसाहत त्याच महीच्या काठाला आहे. कारखान्यातला गाळ कुठे जातो, हा प्रश्न म्हणूनच दांडिया बाजारात राहणाऱ्या माणसाचाही आहे.

माझं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, निकेल-क्रोम प्लेटिंगचं, धातूच्या भागांवर मुलामा चढवण्याचं, लहानसं युनिट आहे. दागिन्यासारखा चकचकीत भाग बाहेर जातो आणि मागे राहतो तो हिरवट गाळ, तेलाने माखलेल्या चिंध्या आणि रसायनांची रिकामी पिंपं. या तिन्हींना घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत घातक म्हटलं आहे. रिकामं पिंपसुद्धा, हे नीट ऐका. भंगारवाला त्याचे रोख पैसे देतो, आणि तेच पिंप पुढे कुणाच्या तरी बांधकामावर पाणी भरायला उभं राहतं. ते पाणी मजूर पितात, त्यांची मुलं पितात. पिंप विकताना हे आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण विकतो.

नंदेसरी, रणोली या पट्ट्यातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९८३ पासून धनोऱ्याहून निघणाऱ्या चॅनलमधून जातं. सुमारे ५५ किलोमीटरचा तो रस्ता सारोदजवळ खाडीत संपतो. त्याची वाट ठरलेली आहे. गाळाची वाट ठरलेली नसते, तो ट्रकने जातो आणि ट्रक कुठेही वळू शकतो. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतेच्या सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून रसायन नाल्यात सोडलं गेलं. वायू पसरला आणि जवळच्या मिलमधले सहा कामगार गेले. ती बातमी ऐकली त्या दिवशी मी कारखान्यात येऊन पहिल्यांदा आमची मॅनिफेस्टची फाईल उघडली.

मॅनिफेस्ट म्हणजे कचऱ्याबरोबर जाणारी चिठ्ठी. नियमांतल्या दहाव्या नमुन्यात तिच्या सात प्रती आहेत, प्रत्येकीचा रंग वेगळा. पिवळी आपल्याकडे राहते, वाहतूकदाराची सही घेऊन. गुलाबी स्वीकारणाऱ्याकडे, म्हणजे कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या साइटवाल्याकडे, नारिंगी वाहतूकदाराकडे. पांढरी आणि हिरवी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि माल दुसऱ्या राज्यात गेला तर करडीही. निळी मात्र साइटवाल्याने सही करून आपल्याला परत पाठवायची असते. ही निळी प्रत म्हणजे माल पोचल्याची पोच. पूर्वी ती महिनोन्महिने येत नसे आणि कुणी विचारतही नसे. आता गुजरातेत हे काम मंडळाच्या एक्सजीएन या संकेतस्थळावर होतं. कचऱ्याचा प्रकार, वजन, गाडी आणि कुणाकडे पाठवतोय ते भरून मॅनिफेस्ट काढायचं. माल पोचला की समोरचा तिथेच स्वीकारल्याची नोंद करतो. रंग गेले, पण पोच राहिली.

आता माझी चूक सांगतो. आमचा लॉगिन आणि पासवर्ड कित्येक वर्षं बाहेरच्या एका कन्सल्टंटकडे होता. परवान्याचं नूतनीकरण, वार्षिक विवरण, सगळं तोच भरायचा. मी फक्त चेक द्यायचो. एका खेपेला आमच्याकडून ८०० किलो गाळ गेला. नमुन्यात वजन मेट्रिक टनात लिहायचं असतं, म्हणजे ०.८. त्याने ८०० लिहिलं. साइटच्या काट्यावर निघालं ते वेगळं, आणि खुलासा मागणारं पत्र आलं ते माझ्या नावावर. ते वाजवीच होतं. कारखाना माझा, गाळ माझा, मग चावी दुसऱ्याच्या खिशात का? त्या आठवड्यात मी पासवर्ड बदलला आणि मोबाईल नंबरही माझा टाकला. सल्ला जरूर विकत घ्यावा, लॉगिन देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

लहान कारखानदार म्हणतात, "आम्हाला कॉम्प्युटर येत नाही." पहिल्यांदा बसलो तेव्हा मला पूर्ण संध्याकाळ लागली, मुलीला शेजारी बसवलं होतं. आता दहा मिनिटं पुरतात. अवघड असतं ते त्याआधीचं काम. रोज किती गाळ निघाला ते तिसऱ्या नमुन्यातल्या वहीत लिहायचं. पिंपावर आठव्या नमुन्याचं लेबल लावायचं, तारखेसह. छपराखाली, पक्क्या फरशीवर, गटारापासून दूर ठेवायचं. आणि ९० दिवसांच्या आत हलवायचं. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असलेल्यांना मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण ती मागावी लागते. वही खोटी असेल तर पडद्यावरचा आकडाही खोटाच उतरतो.

मार्च संपला की आधीच्या वर्षाचं विवरण चौथ्या नमुन्यात ३० जूनपर्यंत भरायचं असतं. जूनच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. आमच्याकडे एप्रिलमध्येच वही आणि मॅनिफेस्ट समोरासमोर ठेवून बेरीज जुळवतो. जुळली नाही, तर कुठलं पिंप कमी पडतंय ते आमचा फोरमन गोदामात जाऊन मोजतो.

हे ऐकणाऱ्यांत कुणी कारखानदार असतील, कारखान्याचे हिशेबनीस असतील. त्यांना एकच विनंती. उद्या सकाळी स्वतःच्या हाताने लॉगिन करा आणि गेल्या तीन महिन्यांत पाठवलेल्या मॅनिफेस्टची यादी काढा. स्वीकारल्याची नोंद नसलेलं एक जरी सापडलं, तरी आधी वाहतूकदाराला फोन लावा आणि विचारा, ती गाडी त्या दिवशी कुठे रिकामी झाली?

नमस्कार.