सुताचा भाव पाठ असलेल्या गावात

(सोलापूरच्या पूर्वभागातली, विणकरांची गल्ली. बंद दारांमागून यंत्रमागांची खटखट.)

सोलापुरात हातानं विणलेलं काही विकायला काढलं, की गिऱ्हाईक आधी ते हातावर तोलतं. सूत कसलं, वीण घट्ट की सैल, रंग पक्का की कच्चा, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. कुणाचे वडील मागावर उभे राहिलेले असतात, कुणाच्या आजीनं जन्मभर कांड्या, म्हणजे सुताच्या रिळा, भरलेल्या असतात. त्यामुळं किंमत ऐकल्यावर येणारं वाक्य ठरलेलंच: "एवढ्याला आख्खी चादर येतीय की गं!"

संक्रांत तोंडावर आली आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत अक्का पहिल्यांदाच आपल्या हातविणीच्या चित्रांचं टेबल मांडणार आहे. या एका वाक्याला काय उत्तर द्यायचं, यातच तिचा अर्धा जीव अडकलाय.

अक्का हे तिचं नाव नव्हे. गल्लीतली पोरं तिला अक्का म्हणतात, म्हणून आपणही अक्काच म्हणू. घरात तेलुगू, दारात मराठी, कोपऱ्यावरच्या दुकानात कन्नड. पूर्वभागातली बरीचशी पद्मशाली घरं तेलंगणातून इथं आली, ती विणकाम सोबत घेऊनच. 1877 मध्ये 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली, मग आणखी गिरण्या आल्या. गिरण्या पुढं बंद पडल्या, घरातल्या हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली, पण कापड काही या भागातून हललं नाही. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. अक्काच्या वडिलांना त्याचं फारसं कौतुक नाही. मानांकनानं मजुरी वाढत नाही, असं त्यांचं म्हणणं.

(लाकडी चौकट, दोन बाजूंना खिळे. बोटं धागा ओढतात.)

अक्का विणते ती भिंतीवर लावायची चित्रं. तशी इथं वॉल हँगिंगही नवीन नाहीत. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, कुठला ताणा (उभा धागा) उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे ती भोकं ठरवतात, आणि धाग्यांतून गणपती उमटतो, शिवाजी महाराज उमटतात, एखाद्या पुढाऱ्याचा चेहराही उमटतो. पुठ्ठे एकदा तयार झाले की तोच चेहरा हवा तितक्या वेळा. हे कसब मोठंच आहे. ज्यानं एखादी तसबीर धाग्यात उतरताना पाहिली असेल, तो तिला नुसतं यंत्राचं काम म्हणणार नाही.

अक्काकडे पुठ्ठे नाहीत. खिळ्यांच्या चौकटीवर ताणा ताणायचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, बोटांनी, सुईनं भरत जायचा. जाड-बारीक सूत एकत्र येतं, कारण ते विकतचं नसतं. कारखान्यात मागाखाली पडलेले तुकडे, बदललेल्या रंगाच्या उरलेल्या कांड्या, बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) संपताना राहिलेली शेपटं. हे वेस्ट एरवी किलोवर विकलं जातं आणि गॅरेजमध्ये ग्रीसचे हात पुसायला जातं. अक्का त्यातून रंग वेचते. तिच्या एका चित्रात सोलापूरचा उन्हाळा आहे: वर पांढरट आभाळ, खाली भाजलेली तांबडी माती, मध्ये बाभळीच्या हिरव्याची एकच रेघ. ते विणायला दुपारमागून दुपार गेली.

आता याची किंमत सुताच्या वजनावर काढली तर चहाचेही पैसे निघत नाहीत. मग तिनं वहीत वेळ लिहायला सुरुवात केली. बसली की लिहायचं, उठली की लिहायचं. स्वयंपाकाला उठलं तर ते वजा. महिन्याभरानं वही उघडली तेव्हा तीच गप्प झाली. तासाला घरकामाची मजुरी धरली तरी मोठ्या चित्राची किंमत चादरीच्या पुढं जात होती. आईचं म्हणणं, "निम्मी लाव, विकलं तरी जाईल." वडील म्हणाले, "निम्मी लावलीस तर पुढच्या वर्षी पुरी कोण देणार?" आम्हाला वडिलांचं पटलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या दरानं विणलेल्या माणसाचं ते बोलणं होतं.

पण नुसत्या मोठ्या चित्रांवर जत्रेतलं टेबल चालत नाही. इथं तिला सण कामी आला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घराघरांत हळदीकुंकू असतं आणि बायका वाण शोधत असतात. एकीला एकच वस्तू नको असते, तिला दोन-तीन डझन लागतात, सगळ्या सारख्या, स्वस्त आणि प्लास्टिकच्या डबीहून जरा वेगळ्या. म्हणून अक्कानं पेल्याखाली ठेवायच्या छोट्या चौकोनी विणी केल्या, किल्लीला अडकवायचे गोंडे केले. चित्र पाहायला बाई थांबेल, वाण घेऊन जाईल, असा हिशेब. चित्र विकलं गेलं तर तो बोनस.

(बादलीत ओलं पांढरं फडकं, त्यावर घासलेला लाल धागा.)

ही तिची परीक्षा. वेस्टमधल्या सुताला कुठला रंग दिलाय, कोण सांगणार? म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातला एक धागा ओल्या फडक्यावर घासायचा. डाग उतरला की तो गठ्ठा बाद, कितीही सुंदर असो. लाल आणि काळा जास्त दगा देतात. पेल्याखालची वीण ओली होणारच, आणि कुणाच्या नव्या टेबलक्लॉथवर लाल चौकोन उमटला तर पुढच्या संक्रांतीला ती बाई शेजारणीलाही आणणार नाही.

कागदपत्रांचा बाऊ तिनं केला होता, तेवढा तो निघाला नाही. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. हा आकडा ऐकून अक्का खूप हसली. केंद्राच्या हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र मिळतं, त्याचा अर्ज मात्र तिनं भरलाय.

सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे पांढऱ्या बाराबंदीतली (बंदांच्या अंगरख्यातली) माणसं, खांद्यावर तोललेले सात उंच नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावर पाळणे, खेळणी, भांडी, भजी. त्या गर्दीत पांढऱ्या सुताचं काम उघडं ठेवणं म्हणजे धुळीला बोलावणं. म्हणून पांढरी चित्रं पारदर्शक पिशवीत, हात लावायला एकच नमुना बाहेर. क्यूआर कोड चिकटवलाय, तरी दहा-वीसच्या नोटांचं पुडकं वेगळं, कारण एवढ्या गर्दीत नेट कधी दगा देईल सांगता येत नाही.

आणि घासाघीस? त्याचा नियम काल रात्री ठरला. वाण डझनानं घेतलं तर दर कमी. चित्राचा दर कमी नाही. कुणी चादरीचं नाव काढलंच, तर ती वही पुढं करायची.

"वाचतील का हो?" तिनं आम्हाला विचारलं.

वडील आतूनच बोलले, "विणणारा असंल तर वाचंल. बाकीच्यांना वाण दाखव."