काई प्रांताचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपणाशी जपानच्या काई या जुन्या प्रांताविषयी बोलणार आहे. आजच्या यामानाशी प्रीफेक्चरचा प्रदेश तो हाच. दक्षिणेला फुजी पर्वत, पश्चिमेला तीन हजार मीटरपेक्षा उंच शिखरांची रांग, आणि या डोंगरांच्या कुशीत कोफूचे खोलगट खोरे. प्रांताला समुद्रकिनारा नाही. कामानाशी आणि फुएफुकी या नद्या खोऱ्याच्या दक्षिण टोकाशी एकत्र येतात आणि फुजी नदी होऊन सागराकडे निघतात.

काई म्हटले की ताकेदा शिंगेन या सरदाराच्या लढाया आठवतात. त्याचे खरे मोठेपण मला मात्र कामानाशीच्या काठावर दिसते. पश्चिमेकडून वेगाने उतरणारी मिदाई नदी पावसाळ्यात कामानाशीला आडवी धडके आणि खोऱ्यातील शेती बुडवी. १५४१ साली वडिलांना दूर सारून सत्तेवर आलेल्या शिंगेनने मिदाईचा प्रवाह दगडी बांधकामाने विभागला, तिचा मुख्य लोंढा समोरच्या उंच कड्यावर आदळेल अशा रीतीने वळवला आणि त्याच्या खालच्या अंगाला बांध घातले. हे बांध सलग नव्हते. त्यांत मुद्दाम ठेवलेल्या फटींतून पुराचे पाणी संथपणे मागे पसरे आणि पूर ओसरला की त्याच वाटेने नदीत परते. पाण्याला पूर्णपणे अडवण्याचा हट्ट न धरणारी ही योजना मला आजही थक्क करते. प्रवाहाचा जोर मोडण्यासाठी लाकडी तिकाटणी दगडांच्या जाळ्यांनी जड करून पात्रात उभी करीत. तिला तेथे ‘पवित्र बैल’ म्हणतात. १५६० साली बांधालगत वस्ती करणाऱ्यांना घरपट्टी माफ करण्यात आली, त्यामुळे बांधाची देखभाल करणारी माणसे तेथेच राहू लागली.

शिंगेन १५७३ साली वारला, नागाशिनोच्या लढाईत १५७५ साली त्याच्या मुलाचा दारुण पराभव झाला आणि १५८२ साली ताकेदा घराणे संपले. पुढे प्रांत तोकुगावा या घराण्याकडे गेला व १७२४ पासून थेट शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, कारभाराखाली राहिला.

खोऱ्याच्या पूर्व कडेला नद्यांनी रेती-गोट्यांची पंखाकृती मैदाने रचली आहेत. तेथे पाणी झटकन मुरते, म्हणून भाताला ती जमीन मानवत नाही. द्राक्षवेलीला मात्र ती फार भावते. कात्सुनुमा गावात कोशू जातीची द्राक्षे पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली असून, १८७७ साली तेथील एका कंपनीने वाइन बनवण्याचे शास्त्र शिकण्यासाठी दोन तरुणांना फ्रान्सला पाठवले होते.