हे नव्हे, आधीचं व्हर्जन ऐक!

(राजर्षी शाहू स्मारक भवन, कोल्हापूर इथल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हिप-हॉप ऐकणारी चार पोरं जमली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हे नव्हे भावा, आधीचं व्हर्जन ऐक!" कलाकारानं घासूनपुसून दिलेलं गाणं समोर आहे आणि हा गडी कच्च्या टेपसाठी भांडतोय. बरेच जण याला खुळेपणा म्हणतात. कोल्हापुरात तरी तसं म्हणू नये. अल्लादिया खाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या दरबारी गायले. कालची बंदिश आज तशीच येणार नाही, हे धरूनच इथला श्रोता बैठकीला जायचा, आणि कुठल्या रात्रीचं गाणं चढलं यावर नंतर वाद घालायचा. त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. ही लांबी भैरवीनं ठरवलेली नाही. तबकडीच्या एका बाजूला मावेल तेवढंच गायचं, असा तो काळ होता.

म्हणून कुठलंही व्हर्जन समोर आलं की मी आधी विचारतो, बदल कुणी केला?

हिप-हॉपमध्ये पुष्कळदा उत्तर येतं: कोर्टानं. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापायचा, फिरवायचा आणि त्यावर शब्द टाकायचे, यावर हे संगीत उभं राहिलं. १९९१ साली बिझ मार्की या रॅपरनं गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला म्हणून न्यूयॉर्कमध्ये खटला झाला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेनं केली. अल्बम दुकानांतून मागे घ्यावा लागला. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यामागं वकील आणि पैसा आला. परवानगी मिळाली नाही की तुकडा बदलायचा किंवा नवे वादक बसवून तसाच वाजवून घ्यायचा. डे ला सोल या रॅप गटाचा १९८९चा पहिला अल्बम स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला, तोही काही तुकडे बदलून. ज्यांच्या कानात जुनी कॅसेट बसली होती त्यांना ते लगेच खटकलं. असा श्रोता जुन्या प्रतीसाठी भांडतो तेव्हा तो कलाकाराच्याच बाजूनं भांडत असतो.

पण बदल कलाकारानंच केला असेल तर? इथं मामला गुंतागुंतीचा होतो. रॅपर एमएफ डूम आणि त्याच्या शब्दांखालचे बीट म्हणजे ताल-संगीत रचणारा मॅडलिब, या जोडीचा 'मॅडव्हिलनी' हा अल्बम २००४ साली आला. त्याच्या वर्षभर आधीच, मॅडलिब ब्राझीलमध्ये असताना अल्बमची कच्ची टेप फुटली आणि इंटरनेटवर फिरली. दोघांचा विरस झाला, काम बाजूला पडलं. पुन्हा हातात घेतलं तेव्हा डूमनं शब्द नव्यानं रेकॉर्ड केले. टेपवर तो चढ्या आवाजात, तावातावानं बोलतो. अल्बमवर आवाज खाली आला, सैल झाला, जणू खुर्चीत रेलून बोलतोय. मला विचाराल तर अल्बमच सरस. तो आळसावलेला आवाज मॅडलिबच्या धुरकट बीटमध्ये जसा मुरतो, तसा आधीचा मुरत नव्हता. तरीही वर्षभर ती टेपच ऐकलेल्या माणसाला मी हे पटवून देऊ शकत नाही. तो तावच त्याला डूम वाटतो. कान पहिल्यांदा जिथं बसला तिथून उठत नाही, आणि त्याला उठवायला मी तरी जाणार नाही.

नास या रॅपरचंही थोडं असंच झालं. १९९९चा त्याचा अल्बम दुहेरी निघायचा होता. गाणी आधीच फुटली, बेत मोडला, आणि वगळलेल्यांतली काही २००२ साली 'द लॉस्ट टेप्स' नावानं निघाली. पुष्कळ चाहते आजही मूळ अल्बमपेक्षा तीच थोर मानतात.

घराजवळचं बघायचं तर 'मेरे गली में' घ्या. २०१५ साली ते डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांचं होतं. २०१९च्या 'गली बॉय' सिनेमात नायक रणवीर सिंग, म्हणून त्यात त्याचाही आवाज आला. पडद्यावर ते चालतं. नुसतं ऐकायचं तर मी २०१५चंच लावतो.

सगळ्यात अवघड प्रकरण अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टचं. त्याचा 'द लाइफ ऑफ पाब्लो' हा अल्बम फेब्रुवारी २०१६ मध्ये स्ट्रीमिंगवर आला आणि त्यानंतरही कान्ये त्यात फेरफार करत राहिला. 'वुल्व्ह्ज' या गाण्यात सिया आणि विक मेन्सा यांचे आवाज मागाहून परत घातले, फ्रँक ओशनचा शेवटचा भाग काढून वेगळा ट्रॅक केला. कॅसेटच्या काळात नवी प्रत बाजारात आली तरी तुमच्या कपाटातली जुनी कुणी उचलून नेत नव्हतं. स्ट्रीमिंगमध्ये नेतात. फेब्रुवारीतलं गाणं आज हवं असेल तर ते तेव्हाच उतरवून ठेवलेल्या कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरच शोधावं लागतं. डूमची टेप फोडणाऱ्याला मी चोर म्हणतो, कारण ते काम अजून लोकांसमोर यायचं होतं. पण कान्येनं स्वतः जगाला ऐकवलेलं गाणं ज्यानं जपून ठेवलं, त्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही.