बळ्ळारी नाला आणि तुरमुरीचा डेपो

बेळगावात शहापूर-वडगावच्या बाजूनं वाहणारा हा बळ्ळारी नाला. पुढे तो मार्कंडेय नदीला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. म्हणजे इथल्या पुलावरून भिरकावलेली पिशवी कुठवर जाईल, याला धरबंध नाही.

पण बहुतेक पिशव्या शिवारातच अडकतात. जोराचा पाऊस लागला की तुंबलेला नाला फुगतो आणि भातशेतीत घुसतो. बेळगाव बासमती पिकवणारं हे शिवार. पाणी ओसरलं की रोपं गाळाखाली गेलेली असतात. वर दिसतात बाटल्या, थर्माकोल, चिंध्या. ते वेचून बांधावर टाकता येतं. काच मात्र चिखलात दिसत नाही, ती थेट पायात घुसते. उन्हाळ्यात नाला उपसून गाळ काठावरच ठेवला, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो परत आत येतो. इतकी साधी गोष्ट दरवर्षी शेतकऱ्यानं सांगावी लागू नये.

शहराचा नाल्यात न पडलेला कचरा गाडीतून तुरमुरी गावच्या कचरा डेपोत जातो. शहर स्वच्छ दिसतं, वास तुरमुरीच्या वाट्याला येतो.

ही एका घरची पिशवी. शिळा भात, चहाचा चोथा, मेथीची देठं. त्यातच दुधाची रिकामी पिशवी, संपलेले सेल, डायपर. भात-भाजीचं चांगलं खत झालं असतं. सेलमधले धातू उतरले की ते खत शेतात घालायच्या लायकीचं राहत नाही. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथं ओला कचरा कुजून मिथेन तयार होतो आणि ढीग पेटतो. खालून काळं पाणी जमिनीत मुरतं. आणि ही गाठ सोडणारे हात सफाई कामगाराचे असतात.

ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा द्यायचा, असं 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. त्याच वर्षी कर्नाटकानं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पण नुसत्या भाजीवालीच्या पिशव्या जप्त करून काय होणार? त्या जिथं तयार होतात, तिथं कुलूप लागलं पाहिजे.

गाडीतही कप्पे वेगळे हवेत. घरच्या बाईनं दोन बादल्या भरल्या आणि डोळ्यांदेखत दोन्ही एकत्र ओतल्या गेल्या, तर उद्या ती एकच भरेल. कोरडा पुठ्ठा भंगारवाला विकत घेतो. आमटीत भिजलेला पुठ्ठा कुणी फुकटही नेत नाही. तो तुरमुरीलाच जातो.