डेमो पडद्यावर, हात प्लिंथवर

मित्रहो, समोर बहुतेक फिजिओथेरपीचे शिक्षकच बसले आहेत, तेव्हा बसल्या जागी एक करून पाहू. कोपर पूर्ण सरळ करा आणि दुसऱ्या हाताने अलगद आणखी थोडा दाबा. हाडाला हाड अडतं. आता गुडघा पूर्ण वाकवा. पोटरी मांडीला टेकते आणि हालचाल मऊपणे थांबते. पाऊल घोट्यातून वर ओढा, तर मागची पोटरी ताणली जाऊन चिवट अडथळा लागतो. तीन सांधे, तीन वेगळे एंड फील, म्हणजे हालचाल संपताना हाताला जाणवणारा अडथळा. याच तीन हालचालींचा कितीही चांगला व्हिडिओ काढला, तरी त्यात सांधा थांबला एवढंच दिसतं. कसा थांबला, ते हाताखालीच कळतं.

मार्च 2020 नंतर आपण सगळं मोबाइलवर शिकवलं, कारण दुसरा मार्गच नव्हता. आज मार्ग आहे, म्हणून काय ऑनलाइन ठेवायचं आणि काय नाही, हे विचारपूर्वक ठरवायला हवं. ‘थिअरी घरी, प्रॅक्टिकल कॉलेजात’ ही वाटणी मला पुरेशी वाटत नाही. प्रॅक्टिकलचाही काही भाग घरी जाऊ शकतो.

कौशल्य शिकवण्याची पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. शिक्षक आधी कृती नेहमीच्या वेगाने, न बोलता करून दाखवतो. मग तीच कृती टप्पे पाडून, समजावत करतो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी टप्पे सांगतो आणि शिक्षक त्याप्रमाणे करतो. चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः बोलत करतो. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या रेकॉर्ड करता येतात, आणि वर्गातल्यापेक्षा जास्त चांगल्या. वर्गात मागच्या मुलांना पुढच्यांची डोकीच दिसतात. गुडघ्याची हालचाल मोजताना गोनिओमीटरचा, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या दोन दांड्यांच्या साधनाचा मध्य मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायचा, एक दांडी खुब्याजवळच्या उंचवट्याकडे आणि दुसरी बाहेरच्या घोट्याकडे न्यायची, हे कॅमेरा जवळून दाखवतो आणि मुलं हवं तेवढ्या वेळा थांबवून पाहू शकतात.

आता वेळेचा हिशोब करू. समजा, दोन तासांचं प्रॅक्टिकल आहे, 20 मुलं आहेत आणि 5 प्लिंथ, म्हणजे रुग्णाला झोपवून तपासायची टेबलं. डेमोत 45 मिनिटं गेली, तर उरलेल्या 75 मिनिटांत एका प्लिंथवरच्या चौघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 18-19 मिनिटं येतात. डेमो घरी पाहून झाला असेल आणि सुरुवातीची 10 मिनिटं प्रश्नांना दिली, तर प्रत्येकाला सुमारे 27 मिनिटं मिळतात. माझ्या लेखी मिश्र पद्धतीचा खरा लाभ हाच आहे.

प्रश्नांची ती 10 मिनिटं मात्र कापू नका. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचून झाल्यावर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात तो आठवड्यानंतर जास्त राहिला. पुन्हा वाचणाऱ्यांना मात्र आपल्याला जास्त येतं असं वाटत होतं. व्हिडिओ दोनदा पाहिलेल्या मुलाचंही तसंच होतं. म्हणून आल्या आल्या कोऱ्या कागदावर टप्पे लिहून घ्या.

भाषेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं पहिल्या वर्षी इंग्रजी लेक्चरच्या वेगातच मागे पडतात. रेकॉर्डिंगमध्ये आपण मराठीत समजावू शकतो आणि पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवू शकतो. वाचलेल्या वेळात वर्गात रुग्णाशी बोलण्याचा सराव घ्यावा. ‘पायाला मुंग्या येतात’ म्हणणाऱ्या आजींना त्या कुठून कुठपर्यंत येतात, बसल्यावर वाढतात की चालल्यावर, हे विचारणं पडद्यासमोर बसून येत नाही. समोरचा माणूस उत्तर देता देता कंबरेवर हात कुठे ठेवतो, तेही पाहावं लागतं.

काही अटी पाळाव्याच लागतील. रुग्णाचं चित्रण त्याच्या लेखी संमतीशिवाय नको. व्हिडिओ सहा-सात मिनिटांचा आणि डाउनलोड करता येईल असा हवा, कारण गावी गेलेल्या मुलाला नेट मिळेलच असं नाही. ज्याच्याकडे चांगला फोन नाही, त्याच्यासाठी लायब्ररीतला संगणक संध्याकाळी उघडा ठेवा.

आणि व्यवस्थापनाला एक गोष्ट स्पष्ट सांगा. डेमो रेकॉर्ड झाला म्हणून शिक्षक कमी करता येणार नाहीत. त्या 75 मिनिटांच्या जागी 110 मिनिटं प्लिंथभोवती फिरायचं, बोटं कुठे टेकली आहेत ते बघायचं, मनगट धरून जागा दुरुस्त करायची, स्नायूंच्या ताकदीच्या ग्रेड 2 आणि ग्रेड 3 मध्ये गोंधळलेल्याला कुशीवर झोपवलेल्या मित्राचा पाय पुन्हा तोलायला लावायचा. हे काम वाढणार आहे. पुढच्या सत्राचं वेळापत्रक लावताना एका बॅचला दोन शिक्षक मागा, आणि ते मिळाल्यावरच डेमो पडद्यावर न्या.