हरून संघ उभा राहतो का? एनबीएतल्या टँकिंगचा हिशोब

82 सामने, 72 पराभव. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स संघाचा 2015-16 चा मोसम. त्याआधीच्या दोन मोसमांत विजय किती? 19, मग 18. हा अपघात नव्हता. जनरल मॅनेजर सॅम हिंकी 2013 मध्ये आले तेच मुद्दाम हरून (यालाच टँकिंग म्हणतात) चांगले नवे खेळाडू मिळवायचा बेत घेऊन, आणि चाहत्यांनी त्याला नाव दिलं 'द प्रोसेस'.

हे कळायला ड्राफ्ट समजून घ्यावा लागेल. आयपीएलमध्ये खेळाडू लिलावात विकत घ्यायचा असतो. मुंबई इंडियन्स 2024 मध्ये तळाला राहिली, त्याबद्दल तिला काहीही मिळालं नाही. एनबीएत मात्र नवे खेळाडू संघ आळीपाळीने निवडतात आणि आधी निवडायची संधी हरणाऱ्यांकडे झुकलेली असते. त्यात बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण. एक अफाट खेळाडू आला की संघाचं नशीब पालटतं. शिवाय नवख्याचा पगार पहिली चार वर्षं ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, म्हणजे स्वस्तात.

आता एक गैरसमज. खेळाडू मुद्दाम शॉट चुकवत नाहीत. पुढचा करार त्यांच्या आकड्यांवर ठरतो, ते कशाला हरतील? हरायची सोय वरच्या ऑफिसात होते. अनुभवी खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्याचे भविष्यातले पिक, म्हणजे ड्राफ्टमधले निवडीचे हक्क, घ्यायचे. पगाराच्या मर्यादेत जागा असेल तर दुसऱ्या संघाचा महागडा, नकोसा करार उचलायचा आणि 'उचलण्याची फी' म्हणून आणखी एक पिक मागायचा. फेब्रुवारीनंतर, मोसमाच्या उत्तरार्धात, चांगल्या खेळाडूचा गुडघा अचानक जास्त दुखायला लागतो. प्रशिक्षकाला काही सांगावं लागत नाही. त्याच्या हातात जिंकण्याइतका संघच नसतो.

(स्क्रीनवर: चेंडूंचं यंत्र)

यात लीगने घातलेली मेख म्हणजे लॉटरी. यंत्रात 1 ते 14 क्रमांकाचे चेंडू, त्यातले चार बाहेर येतात. क्रम न पाहता 1001 कॉम्बिनेशन्स होतात. एक बाजूला ठेवून उरलेली 1000 प्लेऑफबाहेरच्या संघांत वाटतात. ज्याचं कॉम्बिनेशन निघेल, त्याला पहिला पिक. 2018 पर्यंत तळाच्या संघाला 250 मिळायची. 2019 च्या ड्राफ्टपासून तळाच्या तिघांनाही प्रत्येकी 140, म्हणजे 14 टक्के. म्हणजे 20 सामने जिंकणारा संघ तळातून तिसऱ्या जागी बसत असेल, तर आणखी पाच हरून पहिल्या पिकची शक्यता तसूभरही वाढत नाही. फरक एवढाच की तळाचा संघ पाचव्या पिकच्या खाली घसरू शकत नाही, तिसरा सातव्यापर्यंत जाऊ शकतो.

आणि घसरण ही नेहमीची गोष्ट आहे. तळाच्या संघाला नेमका पाचवा पिक मिळण्याची शक्यता जवळपास 48 टक्के! डेट्रॉइट पिस्टन्स 2023 आणि 2024, दोन्ही वर्षं तळाला. दोन्ही वेळा पाचवा पिक. 2025 मध्ये 17 विजयांवर थांबलेल्या युटा जॅझचंही तेच झालं. 2019 ते 2025 या सात लॉटऱ्यांमध्ये तळाच्या संघाला पहिला पिक एकदाही लागला नाही.

सलग तीन वर्षं तळाच्या तिघांत राहिलात, तरी एकदा तरी पहिला पिक मिळण्याची शक्यता 36 टक्के. आणि पहिला पिक म्हणजे हमी नव्हे: 2013 मध्ये तो अँथनी बेनेट होता. त्याच ड्राफ्टमध्ये यानिस अँटेटोकुंपो पंधरावा गेला.

मग फिलाडेल्फियाचं काय बिघडलं? पिक तर भरपूर आले. पण लागोपाठ तीन वर्षं त्यांनी घेतले नर्लन्स नोएल, जोएल एम्बीड, जलील ओकाफोर. तिघेही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू! बास्केटखाली गर्दी, बाहेरून शॉट मारणारं कोणी नाही. एम्बीड दुखापतीने पहिले दोन मोसम मुकला. 2017 मध्ये बोस्टनला भविष्यातला एक पिक देऊन ते तिसऱ्यावरून पहिल्यावर सरकले आणि मार्केल फुल्ट्झ घेतला. त्याच्या खांद्याने दगा दिला. एम्बीड पुढे 2023 चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू झाला, हे खरं. पण त्या सगळ्या खटाटोपातून संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपुढे गेला नाही.

बोस्टनने त्या तिसऱ्या पिकवर जेसन टेटम घेतला. गंमत बघा, त्या मोसमात बोस्टन पूर्व विभागात अव्वल होतं! हरत होतं ब्रुकलिन. 2013 मध्ये गार्नेट आणि पिअर्स ही उतारवयातली जोडी ब्रुकलिनला देऊन बोस्टनने त्यांचे पुढचे पिक घेऊन ठेवले होते. 2016 चा जेलन ब्राउनही त्यातूनच आला. दोघांनी 2024 चं विजेतेपद आणलं. हरलं एक, कमावलं दुसऱ्याने.

ओक्लाहोमा सिटीनेही टँकिंग केलं, पण क्रम वेगळा. 2019 मध्ये पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सला दिला आणि शे गिलजस-अलेक्झांडर अधिक ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे पाच पिक घेतले. तारा, म्हणजे गिलजस-अलेक्झांडर, आधी हातात, हरणं नंतर, तेही दोनच मोसम: 22 आणि 24 विजय. हरून मिळालेला मोठा खेळाडू चेट होल्मग्रेन, दुसरा पिक. जेलन विल्यम्स बारावा, तो क्लिपर्सकडून आलेल्या पिकवर. 2025 चं विजेतेपद त्यांचं.

माझं मत विचाराल तर नुसतं हरणं हे लॉटरीचं तिकीट आहे, भांडवल नाही. भांडवल ट्रेडमधून, म्हणजे खेळाडू आणि पिकच्या अदलाबदलीतून येतं. तारा हाताशी असेल तर दोन वर्षं हरा. चौथ्या वर्षी तरुण पोरांना हरण्याची सवय लागते, आणि ती ट्रेड करून टाकता येत नाही.

जाता जाता डॅलस मॅव्हरिक्स. जुन्या ट्रेडच्या अटीप्रमाणे त्यांचा 2023 चा पिक पहिल्या दहात आला तरच त्यांच्याकडे राहणार होता, नाहीतर न्यूयॉर्कला. शेवटच्या टप्प्यात शिकागोविरुद्ध त्यांनी मुख्य खेळाडू बसवले, हरले, आणि लीगने साडेसात लाख डॉलर दंड ठोकला. पिक आला दहावा. त्यावरून अदलाबदल करून त्यांनी डेरेक लाइव्हली घेतला आणि पुढच्याच वर्षी अंतिम फेरी गाठली. 2025 मध्ये ते प्ले-इनपर्यंत (प्लेऑफच्या उरलेल्या जागांसाठीच्या सामन्यांपर्यंत) झगडत राहिले, 39 सामने जिंकले, लॉटरीत शक्यता 1.8 टक्के.

पहिला पिक त्यांनाच लागला. कूपर फ्लॅग.