मुळांभोवतीची माती

श्रोतेहो, नमस्कार. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील नवे औषध रुग्णाला देण्यापूर्वी ते कशावर पारखून घ्यायचे, याविषयी आज बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या काकांची प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली. मी पॅथॉलॉजीचा डॉक्टर, म्हणून काकूंनी एका सकाळी मला अंगणात बोलावले. त्या मोगऱ्याचे रोप मोठ्या कुंडीत हलवत होत्या. "अहो डॉक्टर, काढलेल्या गाठीचं पुढे काय करतात हो?" मी सांगितले, की ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तिचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, पण फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, काही प्रयोगशाळा मात्र गाठीतील कर्करोगाच्या पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवतात. काकूंचे मातीने भरलेले हात थांबले. "सुट्या करून? मुळांभोवतीची माती झटकली, तर हा मोगरासुद्धा धरायचा नाही."

संशोधनाची अडचण नेमकी तीच आहे. पीसी-३, डीयू-१४५ आणि एलएनकॅप या १९७० च्या दशकात रुग्णांपासून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी जगभर वापरल्या जातात. पण त्या अनुक्रमे हाड, मेंदू आणि लसिकाग्रंथीत पसरलेल्या रोगातून घेतलेल्या आहेत, मूळ ग्रंथीतून नव्हे. हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. तरीही यांपैकी पहिल्या दोन पेशी त्या संप्रेरकाला दादच देत नाहीत. औषध उंदरावर पारखावे, तर त्याला हा रोग सहसा आपणहून होत नाही.

म्हणून आता शस्त्रक्रियेतून आलेला ताजा तुकडा मातीसकट, पुन्हा सांगतो, मातीसकट, म्हणजे भोवतालच्या स्नायू-तंतूंसह घेतात. त्याचे छोटे काप पोषक द्रवात भिजलेल्या जिलेटिनच्या स्पंजावर ठेवले, की ते काही दिवस जगतात आणि तेवढ्यात औषधाचा परिणाम दिसतो. २०१४ मध्ये रुग्णांच्या पेशींपासून वाढवलेले ऑर्गनॉइड, म्हणजे गाठीचे सूक्ष्म गोळे, ही मोठीच प्रगती आहे, पण बहुधा त्यांतही ती माती नसते.

असा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न घालता लगेच प्रयोगशाळेत न्यावा लागतो; म्हणून रुग्णाची संमती आधीच, आणि माझ्या मते त्याच्या स्वतःच्या भाषेत, घ्यायला हवी. काकांपुढे इंग्रजी कागद आला आणि त्यांनी न वाचता सही केली. तुकड्याविषयी त्यांना कोणीच विचारले नाही. विचारले असते, तर आनंदाने दिला असता, असे ते आजही सांगतात.